दोन डिस्कांमधली लग्नसराई

वैशाख लागला की लोकांना सनई ऐकू येते. मला टेबलफॅन ऐकू येतो. डावीकडे मान वळवताना अडखळणारा, परत येताना कण्हणारा. आणि त्याच्या आवाजाखाली, नीट कान दिला तर, पोळ्यातल्या माश्यांसारखी एक बारीक गुणगुण. पंखा आमच्यासाठी नसायचा. मी पदरानं वारा घ्यायची, शमीम ओढणीनं, आणि कम्प्युटरच्या, हाताच्या पंजाएवढ्या दोन हार्ड डिस्का उघड्या पाठीनं खुशाल हवा खात पडलेल्या असायच्या. आमची लाडावलेली लेकरं. त्यांना गरम झालं की अर्ध्या रेवदंड्याची लग्नं अडायची.

यंदाचा वैशाख घरात लग्न घेऊनच आलाय. माझी नात सायली, वाशीला कम्प्युटरच्या कंपनीत असते, तिचं लग्न. अंगणात मांडवाच्या मेढी येऊन पडल्यात. खाडीवरून वारा फिरला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घरात शिरतो आणि कुटलेल्या हळदीच्या वासात मिसळतो. हे दोन वास एक झाले की माझ्या पायांना आपलं वय आठवत नाही. मी उठते आणि पडवीत जाते. तिथे आता वॉशिंग मशीन आहे. त्याच्यासमोर उभी राहून मी कुणाची वाट बघते, ते सुनेला कळत नाही. ती विचारते, "आई, काय हवंय?" मी म्हणते, "काही नाही, बघतेय कपडे झाले का." मशीन बंद असतं.

ह्याच पडवीत वीसेक वर्षांपूर्वी आमचा स्टुडिओ होता. आमचा, म्हणजे माझा आणि शमीमचा. शमीम शेजारच्या घरातली, माझ्याहून लहान. तिचा नवरा कुवेतला. सुट्टीवर येताना लोक सोनं आणायचे, अत्तर आणायचे. त्यानं टॉवेलात गुंडाळून व्हिडिओ कॅमेरा आणला आणि बायकोला म्हणाला, घे, करमेल तुला. तिला तो हातात धरायचीच भीती वाटे, पडला तर काय घ्या! मला कसलीच भीती वाटत नसे, कारण अक्कल यायची होती. तेव्हा कॅमेरा माझ्या हातात आला आणि लाइट तिच्या. घरी आल्यावर कम्प्युटरपुढे बसून कापाकापी करायची तिनं, आणि तिच्या खांद्यावरून वाकून "हे नको, ते घे" करायचं मी.

काय बाई होते मी! आमचे हे थळच्या कारखान्यात होते, त्यांचा खूप खिशांचा जुना शर्ट मी साडीवर चढवायची. डोळ्यांवर काळा चष्मा, तो मांडवातसुद्धा. चष्म्यातून मला निम्मं दिसायचं नाही आणि लग्नातल्या निम्म्या माणसांची डोकी मी कापायची. पण ऐट अशी, की नवरदेवापेक्षा लोकांनी मलाच वाट द्यावी.

"ह्यो काय अवतार?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आई, डायरेक्टर असाच असतो."

"बरा हाय. जरा त्या बोंबलांजवल उभी ऱ्हा. कावले तरी येनार न्हाय."

एकदा पाठवणीच्या वेळी नवरी छान रडायला लागली आणि नेमकी लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत तिचं रडून संपलं होतं, ती गाडीत बसून पाणी पीत होती. मी खिडकीत तोंड घालून म्हटलं, "बाय, उतर. पुन्हा रड." आणि उतरली हो बिचारी. पुन्हा रडली, आधीपेक्षा चांगली. तिची आईसुद्धा नव्यानं रडली. मी चष्मा कपाळावर सरकवून त्यांना 'छान' म्हणून खूण केली. आज ती बाई बाजारात दिसली की मी मासळीवाल्यांच्या गर्दीत तोंड लपवते.

लोकांना आमचं काम आवडायचं ते शमीमच्या करामतींमुळे. तिच्या हातात जादू होती. कमळ उमलायचं आणि आत नवरानवरी बसलेली असायची. हापूस आंबा गरगर फिरत यायचा, त्याचे दोन भाग व्हायचे आणि मधून वरमाय निघायची. वरून पाकळ्या, खालून धूर. किहीमच्या एका वरपक्षानं तर आग्रह धरला होता की नवरा समुद्रातून उगवावा. तोही आम्ही उगववला.

पण मजा वाढली तशी डिस्क दमायला लागली. खाली मांडव, वर कमळ, त्यावर पाकळ्या, हे सगळं एकदम चालवायचं म्हटलं की चित्र अडखळायचं. नवरदेव हार घालायला हात वर करायचा आणि तसाच राहायचा, एस.टी.त दांडी धरून उभा असल्यासारखा. अलिबागच्या दुकानदारानं सांगितलं, मशीन ठीक आहे, डिस्कला एवढं भराभर पुरवणं झेपत नाही. दोन डिस्का जोडून एक करू. प्रत्येक लग्नाचे बारीक तुकडे होतील. एक तुकडा हिच्यावर, पुढचा तिच्यावर, पुन्हा हिच्यावर. दोघी एकदम कामाला लागतील, वेग दुपटीच्या जवळ जाईल. "फक्त एक ध्यानात ठेवा, काकी," तो म्हणाला, "एक बिघडली की दुसरी धडधाकट असूनही काही कामाची नाही."

मी मान हलवली. डायरेक्टर माणसाला मान हलवावीच लागते. मला त्यातलं कळलं ते एवढंच: लहानपणी मी आणि माझी बहीण एका उखळात दोन मुसळांनी भात कांडायचो. तिचं वर गेलं की माझं खाली, माझं वर की तिचं खाली. एकटीनं कांडताना दंड भरून येत. दोघी लागलो की हात हलके व्हायचे, गाणं सुचायचं, आणि उखळ बघता बघता पांढरं व्हायचं. दोन डिस्का जोडल्यावर पहिल्यांदा कमळ चालवलं, आणि ते न अडखळता उमललं, तेव्हा शमीमनं माझा दंड एवढा दाबला की तिच्या बांगडीचा वळ उठला. हार वर गेला, गळ्यात पडला, पाकळ्या पडल्या. आम्ही तेच तेच पुन्हा लावून बघत राहिलो. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं आणि आत पंखा आमच्या लेकरांना वारा घालत होता.

ती लग्नसराई मला आठवते ती अशी तुकड्यातुकड्यांनीच. भर दुपारी रिक्षातून येताना मांडीवर कॅमेरा, तान्ह्या मुलासारखा छातीशी धरलेला. शमीमच्या पिशवीतून निघणारी मीठ-तिखट लावलेली कैरी. तिच्या दातांचा कचकन आवाज आणि माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी. कम्प्युटर एखादं लग्न तयार करायला घेई तेव्हा आम्हाला काही काम नसे. त्या वेळात ती नमाज पढून यायची, मी पेज गरम करायची, आणि मग दोघी भिंतीला टेकून ती गुणगुण ऐकत बसायचो. कधी काही बोलायचो, कधी नाही. नवरा लांब असलेली ती, आणि नवरा जवळ असून पाळीच्या नोकरीत सापडलेली मी. कुणी आम्हाला विचारलं असतं, की बायांनो, सुखात आहात का, तर आम्ही म्हटलं असतं, छे हो, घामानं जीव जातोय.

आणि त्या सगळ्या तुकड्यांमधून सासूबाईंचा आवाज येत असायचा. त्या धवलारीण होत्या. आमच्याकडे हळद असो की मांडव, धवलारीण धवले गायला बसल्याशिवाय काही हलत नाही. ती देवांना आवतण देते, विहिरीला देते, जात्याला, उंबऱ्याला, गेलेल्या माणसांनाही नावानिशी बोलावते, तेव्हा कुठे नवरीच्या गालाला हळद लागते. सासूबाईंचा आवाज गोड नव्हता. थोडा नाकातला, थोडा खरखरीत, खूप खोलवरून ओढून काढलेल्या पोहऱ्यासारखा. घरात त्या स्वतःशी गुणगुणायच्याही नाहीत. "धवला मांडवातच गावा," म्हणायच्या. "चुलीपुढे गायला तो काय उखाना हाय?"

पण सीडीत लोकांना सिनेमातली गाणी हवी असायची. म्हणून आम्ही मूळ आवाज काढून टाकायचो. हळद लागतेय, सासूबाई तोंड उघडतायत, आणि आवाज येतोय मुंबईच्या कुणा गाणारणीचा, मागे पन्नास व्हायोलिनं. सासूबाईंनी एकदा शेजारच्या घरी बसून ते पाहिलं. घरी येऊन मला म्हणाल्या, "त्वांड माजा हालते नि गाते दुसरीच. बरा हाय, घसा तरी वाचला." मी हसले. मला वाटलं, खूश झाल्या.

त्याच पावसाळ्याच्या तोंडावर शमीमच्या नवऱ्यानं बायकामुलांना कुवेतला बोलावून घेतलं. स्टुडिओ मिटला. भांडण नाही, तंटा नाही. डोळे पुसत पुसत आम्ही वाटणी करायला बसलो. कॅमेरा तिचा, कम्प्युटर माझा, लाइट तिचा, पंखा माझा. राहिल्या दोन डिस्का. सासूबाई म्हणाल्या, मासळीसारखा वाटा करा, म्हणजे मनात काय ऱ्हानार न्हाय. होडी किनाऱ्याला लागली की वाळूवर वाटे घालतात, एक जण पाठ फिरवून उभा राहतो, दुसरा वाट्यावर हात ठेवून विचारतो 'हा कुणाचा', आणि पाठमोरा माणूस नाव घेतो. तशा सासूबाई पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मी एका डिस्कवर हात ठेवून मासळीवाल्यांसारखं विचारलं.

"ह्यो कुनाचा?"

"शमीमचा."

दुसरी माझी. इतकी न्यायाची वाटणी गावात कुणी केली नसेल. मी तर मनाशी हिशेबही मांडला होता, की निम्मी लग्नं माझ्याकडे राहतील, निम्मी तिच्याकडे जातील. कुणाकडे कुठली, ते कधी निवांत बघू. दुकानदाराची ताकीद आम्हाला पाठ होती: डिस्क बिघडू द्यायची नाही. बिघडू कुठे दिली? मी माझी तांदळाच्या डब्यात ठेवली, सर्दाव्यानं तिला काही होऊ नये म्हणून.

पुढचा वैशाख सासूबाईंनी पाहिला नाही.

त्यानंतर मी पहिल्यांदा तो डबा उपसला. सीडी घरोघरी होत्या, पण प्रत्येकीत ती मुंबईची गाणारीण. कॅमेऱ्याच्या कॅसेटी आम्ही पुसून पुन्हा पुन्हा वापरलेल्या. सासूबाईंचा खरा आवाज राहिला होता तो फक्त डिस्कांत. तांदूळ झटकून मी डिस्क अलिबागला नेली. दुकानदारानं जोडून पाहिली. काही नाही. मी म्हटलं, "निम्मंच दाखवा. निम्म्यावर माझं भागेल." मग एक कोरा कागद घेऊन त्यानं त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि एकाआड एक बाजूला केल्या. "काकी, चिठ्ठी अशी फाडली तर निम्मी वाचता येईल काय?"

अर्धी भाकरी ही अर्धी भाकरी असते. अर्धं घर, अर्धा पगार, अर्धी झोप, सगळ्याचं अर्धं माणूस चालवून घेतं. ह्या गोष्टीचं अर्धं म्हणजे काहीच नाही, हे मला तिथे स्टुलावर बसून कळलं. वेग हवा म्हणून आपण जे इतकं एकमेकांत कालवलं, ते असं मधोमध तोडता येत नाही. शमीमला तेव्हा कळवायचं होतं. पण ती परक्या मुलखात नवा संसार मांडत होती. आणि मला म्हणायचं तरी काय होतं? तुझा वाटा परत दे? ईदला फोन व्हायचा, मुलांची विचारपूस व्हायची, आणि डिस्कवर येण्याआधीच तिच्याकडची मिनिटं संपायची. मग फोनही व्हॉट्सअॅपवरच्या फुलांच्या चित्रांवर आले. डिस्क पुन्हा तांदळात गेली. दर वैशाखात मी डब्यात हात घालून चाचपून बघायची, आहे ना.

आणि यंदा सायली म्हणाली, "आजी, माझ्या हळदीला पणजीचेच धवले पाहिजेत. तुला येतात ना?"

मी मोठ्या रुबाबात मांडी ठोकून बसले, आणि दोन ओळींपुढे ठप्प. विहिरीच्या आधी कोण? जात्यानंतर कोण? गावात आता ज्या धवलारणी आहेत त्यांचे धवले वेगळे. आमच्या सासूबाईंचे त्यांच्याबरोबर गेले. पोरगी हिरमुसली. तिचं तोंड बघवेना म्हणून मी तांदळाचा डबा उघडला आणि सगळी हकीकत सांगितली. ती आधी हसली, मग किंचाळली. "आजी! तू दोन डिस्कांचं रेड झिरो चालवत होतीस? त्या जमान्यात? आणि मग एकेक डिस्क वाटून घेतलीत? कोण करतं असं?"

"आमच्यात करतात," मी म्हटलं. "दोन्ही मिळाल्या तर?"

"चालू असतील तर बघता येईल. पण आजी, खूप जुन्या आहेत. फार आशा नको ठेवूस."

शमीम आता पनवेलला लेकीकडे असते. मी तिला फोन लावला.

"शमीम, ती डिस्क आहे का गं तुझ्याकडे?"

"सलाम न्हाय, दुवा न्हाय. आधी कशी हाय ते तरी विचार, वैनी."

"कशी आहेस?"

"गुडघे गेले. डिस्क हाय."

आणि तीच पुढे म्हणाली, "कुवेतला नेली, परत आणली. लेक म्हणते, अम्मी, भंगार कशाला साठवतेस? म्हटलं, भंगार न्हाय, वाटा हाय माझा. वैनीच्या सासूनं नाव घेऊन दिलेला."

"कुरिअर कर ना. लग्न तोंडावर आलंय."

"कुरिअरवाल्याला तू पेज वाढणार हायस काय? मीच येते."

आली. काठी टेकत, रिक्षावाल्याशी भांडत, ओढणीत गुंडाळलेली डिस्क छातीशी धरून. मला बघून म्हणाली, "काय गो, चश्मा पांढरा झाला वाटते." मी म्हटलं, "तू आत ये, मग सांगते काय काय पांढरं झालं ते." दारात आम्ही एकमेकींना धरून उभ्या राहिलो आणि दोघींचे गुडघे एकदम कुरकुरले.

सायलीनं पडवीत स्टूल ठेवलं, लॅपटॉप ठेवला, दोन्ही डिस्का वायरींनी जोडल्या. शमीमची लगेच फिरायला लागली. माझी गप्प. मी सायलीला म्हटलं, "काढून पुन्हा लाव, तांदूळ अडकला असेल." तिनं पुन्हा लावली. एक खरखर, एक उसासा, आणि मग ती गुणगुण. दोघींची मिळून. शमीमनं डोळे मिटले. मीही.

"आता सांगा, ह्यातली पहिली कुठली?" सायली म्हणाली. "क्रम चुकला तर नुसता कचरा दिसेल."

"माझी," मी म्हटलं.

"माझी," शमीम म्हणाली.

"कम्प्युटर माझ्याकडे होता."

"कम्प्युटरवर बसत कोण होतं?"

सायलीनं माझी पहिली धरून पाहिली. आजीचा मान. काही उमटलं नाही. मग उलट केलं, आणि पडद्यावर नवऱ्यामुलींच्या नावांच्या ओळीच्या ओळी उतरल्या. शमीम माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काय बोलले काय?"

सायलीनं एका नावावर बोट ठेवलं. मांडव दिसला. आंब्याच्या डहाळ्या, पिवळं ऊन, पाटावर नवरी, आणि तिच्या शेजारी हळदीच्या वाटीवर हात ठेवून बसलेल्या सासूबाई. हिरवं लुगडं, कानात बुगडी. त्यांनी तोंड उघडलं आणि पहिली ओळ आली, तीच, नाकातली, खोलवरून ओढलेली. आणि त्याच क्षणी त्या ओळीवर कुणीतरी धाडकन येऊन आदळलं.

"आई, पदर! आई, इकडं, इकडं बघा! हसा जरा! शमीम, लाइट खाली! ए पोरींनो, सरका, दिसत नाही! आई, हसा ना!"

मी. माझा आवाज. केवढा तो, आणि केवढा शहाणा! दुसरी ओळ त्याच्याखाली गेली, तिसरीही गेली. विहिरीला आवतण दिलं की जात्याला, काही म्हणता काही कळेना. सायलीनं तोंडावर हात धरला. शमीम हसता हसता काठीवर ओणवी झाली. "या अल्ला, वैनी! श्वास तरी घ्यायचीस!" मी तिच्याबरोबर हसत होते, पण आत काहीतरी खचत चाललं होतं. इतकी वर्षं जो आवाज ऐकायला मी तांदळात हात घालत होते, त्याच्यापुढे ही काळ्या चष्म्याची बया उभी, आणि तिला बाजूला सारायला आता कुणी जाऊ शकत नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावर सासूबाई थांबल्या. गाणं तोडून त्यांनी मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. माझ्याकडे.

"तुजा बोलून झाला काय गो?" त्यांनी विचारलं.

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. कॅमेऱ्यामागची बया, आयुष्यात पहिल्यांदा असेल, गप्प झाली. सासूबाई तशाच बसून राहिल्या. राग नाही, घाई नाही. हळदीच्या वाटीवर हात, आणि नजर माझ्यावर. शमीमचं हसू थांबलं होतं. सायलीनं हळूच विचारलं, "आजी, पुढे नेऊ?" मी तिचा हात धरला. नको. त्या वाट बघतायत.

"झाला, आई," मी म्हटलं. "गा."